आत्याच्या घरचा आमचा कूलर

बँकेचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. चार लोकांत बसून फोनवर बोलणं मला जमत नाही, त्यामुळे फोन वाजला की मी आधी जिना गाठते आणि मग उचलते. पलीकडची मुलगी माझ्याच वयाची वाटली. तिनं बाबांचं पूर्ण नाव घेतलं. बाबा फोन उचलत नाहीत म्हणून फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला, असं सांगितलं आणि मग कौतुकाच्या सुरात म्हणाली, "सर हमारे बहुत व्हॅल्युएबल कस्टमर हैं, मॅम. कार्ड का लिमिट बढ़ाने का ऑफर है."

मी त्यांना सांगते म्हटलं आणि फोन ठेवला, पण जागची हलले नाही. माझे बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतात. कंपनीच्या बसनं जातात, बसनं येतात. बाहेर खाणं म्हणजे त्यांच्या हिशेबी पोहे, तेही कुणी आग्रह केला तर. चप्पल तुटली की शिवून घेतात. अशा माणसात बँकेला एवढं मोलाचं काय दिसलं असेल? काळजी मला नंतर वाटली. आधी वाटलं ते नुसतं कुतूहल.

आमच्या घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. खाली तीन खोल्या आणि वर एक अर्धी खोली. अर्धी म्हणजे भिंती खांद्यापर्यंत आल्या आहेत आणि वर आभाळ आहे. बाबा रिटायर झाले की ग्रॅच्युइटीच्या पैशातून तिच्यावर स्लॅब टाकायचा, संडास-बाथरूम काढायचं आणि ती कारखान्यातल्या एखाद्या पोराला भाड्यानं द्यायची, हे माझ्या शाळेपासून ठरलेलं आहे. बाबांना पेन्शन बसणार ती नावापुरती. खोलीचं भाडं हीच खरी पेन्शन, असं आई म्हणते. तेव्हा रिटायरमेंटला दीड वर्ष उरलं होतं.

बाबांचा ईमेल मीच उघडून दिला होता. त्यात काय येतं हे ना ते बघत, ना मी. त्या दिवशी जिन्यातच मी तो उघडला. कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याला शहाण्यासारखं येऊन पडत होतं. एकूण बाकी दोन लाखांच्या जरा खाली होती.

आकड्यानं मी दचकले हे खरं, पण त्याहून जास्त मला बुचकळ्यात टाकलं ते मागच्या महिन्यांच्या खरेदीनं. स्टेटमेंटमध्ये वस्तू लिहिलेली नसते, दुकान लिहिलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, पुन्हा इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. मोबाइलचं दुकान. शहराच्या दुसऱ्या टोकाचं, जरीपटक्यातलं फर्निचरचं दुकान. एक टायरचं दुकान, तेही चारचाकीच्या टायरचं. आमच्याकडे चारचाकी नाही. आमची आई कपडे मागच्या अंगणात दगडावर धुते. आमचा मिक्सर माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे आणि त्याचं झाकण हातानं दाबून धरावं लागतं. क्षणभर मला वाटलं, बाबांचा कुठेतरी दुसरा संसार आहे आणि तो आमच्यापेक्षा बरा चालला आहे.

बाबांना विचारणं सोपं होतं असं कुणालाही वाटेल. आमच्या घरात तसं नाही. आमचं बोलणं जेवण झालं का, गाडीत पेट्रोल आहे का, एवढ्यात संपतं. आणि मी तर अशी, की लहानपणी पाहुणे आले की पलंगामागे जाऊन बसायची. म्हणून मी विचारायच्या ऐवजी बघायचं ठरवलं. त्या उन्हाळ्यात आई ज्या ज्या नातेवाइकांकडे निघाली, त्यांच्याकडे मीही जाऊ लागले.

"तू येतेस?" आई म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

मामाकडे वॉशिंग मशीन होतं, दरवाज्यावरचा स्टिकर अजून न काढलेलं. मामीच्या बहिणीकडे नवं लाकडी कपाट होतं. मी पाणी प्यायचे, हसायचे, वस्तूंकडे बघायचे. एखाद्या घरात नवी वस्तू असणं यात गुन्हा काही नाही, आणि ती कोणाच्या पैशाची हे तिच्याकडे बघून कळतही नाही. तरी मी मनातल्या मनात दुकानं आणि वस्तू जुळवत होते. कोड्याची वही मिळाल्यासारखं झालं होतं मला.

उलगडा झाला तो शहराच्या कडेला वाडीला, आत्याकडे. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान ट्रान्सपोर्टच्या गोडाउनमध्ये बुकिंगला आहेत आणि त्यांचं घर गोडाउनच्या मागच्याच गल्लीत आहे. दिवसभर ट्रक मागे घेतानाची शिट्टी ऐकू येते. मे महिन्याची दुपार होती. दार उघडताच आत्या आईला म्हणाली, "आज इकडची वाट कशी चुकली वं? अन् ही पोट्टी बी? ही तर दिवाळीले बी येत नाही."

"स्वतःहून म्हणाली, चालते म्हणून," आई म्हणाली.

"बोलते का आता, का अजून तसंच?"

"बोलते जी. ऑफिसात बोलते."

"मंग आपल्याले काय, ऑफिसात जाऊन ऐका लागते का?"

आत्यानं आम्हाला खोलीत बसवलं आणि कूलर सुरू केला. मोठा कूलर होता, खिडकीत नीट बसवलेला. त्याच्या वाऱ्यानं कॅलेंडरची पानं उडत होती. आमच्या घरचा कूलर पाणी फेकतो, हवा फेकत नाही. मी त्या हवेसमोर बसले आणि बहुतेक माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं.

"कशी आहे हवा?" आत्यानं विचारलं.

"मस्त आहे."

"असणारच. तुह्या बाबाच्या कार्डावर घेतला. कार्डावर दोन हजाराची सूट भेटली. मी नोटा तिथंच दुकानाच्या पायरीवर मोजून देल्ल्या त्याले. उधारी आपल्याले पटत नाही, भाऊ असो का कोणी असो."

आत्या खोटं बोलत नाही. बोलायचीच वेळ आली तर ती गप्प बसते, आणि गप्प ती सहसा बसत नाही. म्हणजे कूलरचे पैसे तिनं पूर्ण दिले होते. मामानंही दिले असणार. आमच्या नात्यात कार्ड असलेला माणूस एकच, त्यामुळे ज्याला काही मोठं घ्यायचं असेल तो बाबांना फोन करतो. बाबा सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासोबत दुकानात जातात, कार्ड चालवतात, समोरचा नगद देतो. सूट त्याची, मान बाबांचा. यात कोणाचं काही बुडत नाही. मग दोन लाख बुडाले कुठे?

परत येताना सिटी बस मिळेना. अमरावती रोडच्या कडेला एका झाडाखाली आम्ही दोघी उभ्या राहिलो. समोरून ट्रक जात होते आणि दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत बोलणं मला सोपं गेलं.

"आई, आत्यानं कूलरचे पैसे बाबांना दिले. ते घरी आले होते का?"

आईनं पदर डोक्यावर घेतला. "घरी ओव्हरटाइमचे पैसे येतात. दोन-तीन महिन्यांनी एकदम देतात ते."

"ओव्हरटाइम चालू आहे?"

एक ट्रक गेला. मग दुसरा.

"नाही," आई म्हणाली. "कधीचाच बंद आहे. आपल्या मागच्या गल्लीतल्या बाईनं सांगितलं मले, तिचा नवरा यांच्याच लाइनवर आहे."

"मग तू विचारलं नाहीस?"

"काय विचारू? माणूस पैसे आणून देऊन राहिला, अन् मी म्हणू का, कुठून आणले सांगा म्हणून? त्यांनी ओव्हरटाइम म्हटलं, मी बी ओव्हरटाइम म्हटलं. मले वाटलं, सोसायटीचं कर्ज काढलं असन. ते पगारातून कापून जाते. संपते."

सोसायटी म्हणजे कारखान्यातल्या कामगारांची पतसंस्था. आमच्या खालच्या तीन खोल्या त्या सोसायटीच्या कर्जावर उभ्या राहिल्या. माझ्या इंग्रजी शाळेची फी तिथून आली. तिथं कर्ज असं चालतं: पैसे मिळतात, पगारातून हप्ता कापला जातो आणि एक दिवस पगार पुन्हा पूर्ण येतो. त्या दिवशी आई श्रीखंड करायची. कर्ज म्हणजे काय, हे माझ्या आईवडिलांना या एकाच वस्तूवरून माहीत होतं. हप्ता चुकवला नाही की ते आपोआप संपतं.

बसमध्ये बसल्यावर मला सगळं चित्र दिसलं. बाबा कार्डाचाही हप्ताच भरत होते. दर महिन्याला मेसेज येतो, त्यात दोन रकमा असतात, एक भली मोठी आणि एक परवडणारी. ती परवडणारी म्हणजे हप्ता, असं त्यांनी धरलं होतं. ती मिनिमम ड्यू होती, बँकेनं दंड लावू नये एवढ्यापुरती.

बाबांशी बोलायला मला बुधवारची वाट बघावी लागली. त्यांच्या कारखान्याची सुट्टी रविवारी नसते, बुधवारी असते. त्या दिवशी ते मला मोटरसायकलवर ऑफिसला सोडतात. मोटरसायकल आमच्यासाठी चांगली जागा आहे. एकमेकांचं तोंड दिसत नाही. फक्त चालत्या गाडीवर ऐकू येत नाही, त्यामुळे बोलायचं ते सिग्नलला.

पहिल्या सिग्नलला मी म्हटलं, "बाबा, बँकेचा फोन आला होता. लिमिट वाढवतो म्हणाले."

"पाह्यलं?" हेल्मेटमधून आवाज आला. "टाइमावर भरलं की असं असते."

दुसऱ्या सिग्नलला मी विचारलं, "किती भरता?"

"जेवढा हप्ता येते तेवढा. एक दिवस मागंपुढं नाही आजपर्यंत."

तिसरा सिग्नल लवकर आला नाही. आला तेव्हा मी म्हटलं, "तो हप्ता नाहीये, बाबा."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. बाबांनी गाडी काढली आणि थोडं पुढे एका पोह्याच्या ठेल्याजवळ उभी केली. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. "काय म्हटलं तू?"

मी फोनवर स्टेटमेंट उघडून त्यांना समजावू लागले, आणि तिथं माझी पंचाईत झाली. मला मराठीत आकडे येत नाहीत. पन्नासपर्यंत येतात, पुढे मी चाचपडते. बाबांना इंग्रजीत मोठे आकडे पटकन कळत नाहीत. मी "सेव्हन थाउजंड एट हंड्रेड सिक्स्टी एट" म्हणायची, ते थांबून म्हणायचे, "सात हजार आठशे अडुसष्ट." मग मी मान हलवायची. असं करत करत आम्ही दोघांनी मिळून ते वाक्य पूर्ण केलं: साडेनऊ हजार भरले की त्यातले सात हजार आठशे अडुसष्ट व्याज आणि त्यावरच्या करात जातात. मुद्दल कमी होतं ते उरलेल्या चिल्लरीएवढं. तेवढ्यात कोणाला तरी मोबाइल घ्यायचा असतो.

बाबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, "मंग त्याले मिनिमम काहून म्हणतात? सरळ लिहा ना, का याच्यानं काही फिटत नाही."

"लिहिलंय तसं."

"कुठी?"

मी बारीक अक्षरातली ओळ मोठी करून दाखवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि ती इंग्रजी ओळ एकेक शब्द जोडत वाचली. वाचून झाल्यावर परत वाचली. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "खरंच लिहिलं आहे," आणि त्यांच्या आवाजात थोडं आश्चर्यच होतं, आपल्याच खिशात इतके दिवस असलेली वस्तू सापडावी तसं.

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं, ठेल्यावरच्या कढईकडे बघत. "ओव्हरटाइम गेला. सोसायटीत अर्ज करायचा तर दोन जामीनदार लागतात. म्हणजे साऱ्या लाइनले माहीत होते, का याच्या घरी कमी पडून राहिलं. कार्डाले जामीनदार लागत नाही. तुही आत्या, मामा नगद देतात, ते घरात द्यायचं, इकडं हप्ता मी भरतो. मले वाटलं, सोसायटीसारखंच झालं. कोणापुढं हातही पसरावा लागला नाही."

मला त्यात चूक दिसत होती, पण मूर्खपणा दिसत नव्हता. हप्ता भरला म्हणून घरात कमी पडे. कमी पडलं की कोणाला तरी काहीतरी घ्यायचं असे. त्याचं नगद घरात येई आणि हप्ता वाढे. एखादं चाक फिरावं तसं ते बिनआवाजाचं चाललं होतं, आणि चालवणाऱ्याला ते पुढे जात असल्यासारखं वाटत होतं.

"ग्रॅच्युइटीतून एकदम भरून टाकू," शेवटी ते म्हणाले.

"मग वरची खोली?"

त्यांनी हेल्मेट घातलं. "तुले उशीर होऊन राहिला."

पुढचे दोन आठवडे घरात हिशेब सुरू होते, पण तोंडानं नाही. बाबा जेवताना मध्येच थांबायचे. मी माझ्या बचतीचा विषय काढला तर ताट सरकवून म्हणाले, "तुहे पैसे तुह्याजवळ ठेव." त्यावर चर्चा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी भांडी पुसत असताना आई हळूच म्हणाली, "ते नाही घेणार. तू किराणा भर. किराण्याचं ते विचारत नाहीत कधी. अन् सिलेंडर." तेव्हापासून किराणा, सिलेंडर आणि लाइट बिल माझ्याकडे आलं, आणि बाबांनी खरंच कधी विचारलं नाही. डाळ संपत का नाही, याचं त्यांना नवल वाटत असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही.

उरलेला उपाय एकच होता आणि तो बाबांच्या ओळखीचा होता. सोसायटीचं कर्ज काढायचं, कार्ड एका फटक्यात भरायचं आणि सोसायटीचा हप्ता रिटायरमेंटच्या आत संपवायचा. तिथला वर्षभराचा व्याजदर म्हणजे कार्डाच्या जेमतेम तीन महिन्यांचा. म्हणजे ग्रॅच्युइटीला हात लागणार नव्हता. अडचण फक्त जामीनदारांची, म्हणजे ज्या गोष्टीपासून पळायला बाबांनी हे सगळं केलं त्याच गोष्टीची.

एका संध्याकाळी ते बसमधून उतरून घरात आले आणि बूट काढता काढता आईला म्हणाले, "एक भेटला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, अबे, दोन लाखाचं घेतलं काय तू? तुह्या घरी तर काही दिसत नाही." बाबांनी मोजे बुटात कोंबले. "मी सांगितलं त्याले सारं. तर तो बी मिनिममच भरून राहिला. त्याच्याजवळ तर दोन कार्डं आहेत. आता म्हणते, तुह्या पोरीले विचार माह्यं बी."

दुसरा जामीनदार मिळायला थोडे दिवस गेले. मग अर्ज गेला आणि कमिटीची बैठक पुढे ढकलली गेली. याच मधल्या काळात एका बुधवारी सकाळी आत्या आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

आत्या खुर्चीत बसली, घाम पुसला आणि पर्समधून रुमालात बांधलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "फ्रिज, वॉशिंग मशीन अन् कपाट. आंदणात द्यायचं आहे पोरीले. भाऊ, चाल, शर्ट घाल. सूट आजच्या दिवसच आहे म्हणते दुकानवाला."

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. टेबलावरच्या नोटा बाबांनी पाहिल्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि मला खरंच माहीत नव्हतं ते काय करतील. कमिटीचं अजून नक्की नव्हतं. एवढे पैसे हातात आले तर सात-आठ महिने घर चालतं, सोसायटी नाही, जामीनदार नाही, काही नाही. आणि नाही म्हणायचं तर भाचीच्या लग्नात, त्या मोठ्या बहिणीला, जिच्यासाठी ते आजवर प्रत्येक वेळी शर्ट घालून निघाले होते. मी बोलायला हवं होतं की काय, असं मला वाटत राहिलं. पण मला बघायचंही होतं.

"बाई," बाबा म्हणाले, "ते कार्ड आता नाही चालवत मी."

"काहून? हरवलं?"

"हरवलं नाही."

"मंग? हिनं मना केलं?" आत्यानं आईकडे हनुवटी केली.

"मी काहून मना करन जी," आई म्हणाली.

बाबांनी टेबलाची कड चाचपली. मग म्हणाले, "तुह्या कूलरचे पैसे मी भरले नाहीत अजून."

"असे कसे? मी तर तुले पायरीवर मोजून देल्ले."

"देल्ले. ते घरात लागले."

आत्यानं खोलीत चारी बाजूंना पाहिलं, कुठे लागले ते दिसतंय का म्हणून. आमच्या भिंती, आमचा टीव्ही, आमचा पाणी फेकणारा कूलर. मग तिनं विचारलं, "म्हणजे मी इतके उन्हाळे त्याच्यासमोर बसली, अन् तो फिटलाच नाही?"

"नाही."

"म्हणजे माह्या घरी तुहा कूलर आहे."

"कूलर तुहाच आहे, बाई. कर्ज तेवढं माह्यं आहे."

"मंग लाइटीचं बिल बी तूच भर त्याचं," आत्या म्हणाली.

आई पदर तोंडावर धरून आत गेली. ती हसत होती की काय, मला कळलं नाही. मी चहा ठेवला. आत्यानं कप उचलला, पण प्यायली नाही.

"मले सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का रे?"

"म्हणूनच नाही सांगितलं," बाबा म्हणाले.

आत्यानं चहा संपवला. नोटा पुन्हा रुमालात बांधल्या. गाठ मारताना तिचे हात जरा जोरात चालत होते, ती दुखावली होती हे मला तिच्या गाठीवरून कळलं. "माही सूट गेली ना पण," ती म्हणाली.

बाबा उठले. खिळ्यावरचा इस्त्रीचा शर्ट काढला. "सूट मी काढून देतो. चाल."

त्या दिवशी मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि त्यांच्या मागोमाग गेले. दुसरं कारण काही नव्हतं, बाबा कार्डाशिवाय दुकानात कसे दिसतात ते मला बघायचं होतं. ते फारसे बरे दिसले नाहीत. कार्ड असलं की काउंटरवरचा माणूस खुर्ची द्यायचा म्हणे, आज कोणी दिली नाही. बाबांनी नगद दाखवून भाव करायचा प्रयत्न केला, दुकानदार हसून "अंकल, फिक्स है" म्हणत राहिला. बाबा नेटानं तिथंच उभे राहिले. फ्रिजचं दार उघडत, बंद करत, रबर तपासत, मशीनचा ड्रम हातानं फिरवून कान लावून ऐकत. मशीनवाल्या माणसाची सवय ती. अखेर दुकानदारानं थोडे पैसे कमी केले आणि वॉशिंग मशीनखालचं स्टँड फुकट दिलं. कार्डावर मिळाली असती त्याच्या निम्मीही सूट नव्हती.

"एवढ्यासाठी तर मी एकटीच आली असती," आत्या टेम्पोजवळ उभी राहून म्हणाली.

"स्टँड भेटलं ना," बाबा म्हणाले.

लग्नात आत्यानं त्याची पूर्ण वसुली केली. जेवणाच्या पंगतीत, मेंदीच्या खोलीत, जो भेटेल त्याला ती सांगत होती, "भावाले कार्ड नोका मांगू कोणी. त्याचं अजून माह्या कूलरचंच चालू आहे." लोक हसत होते. बाबा वाढत होते आणि तेही ऐकत होते. मला आधी त्यांच्यासाठी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की जे आम्ही तिघं एकमेकांपासून जपत होतो ते आता साऱ्या मांडवाला माहीत झालं होतं, आणि मांडव काही कोसळला नव्हता. मामानं तर बाबांना बाजूला घेऊन विचारलं, मशीनचं पण तसंच आहे का. बाबा हो म्हणाले. मामा म्हणाला, "तरीच ते नीट पिळत नाही." त्या दिवसानंतर कार्डासाठी कोणाचा फोन आला नाही.

सोसायटीचं कर्ज मंजूर झालं. कार्डाची सगळी बाकी एका दुपारी भरली आणि बंद करायला फोन लावला. कार्ड ज्याचं त्यालाच बोलावं लागतं. मी बाबांसाठी काय बोलायचं ते लिहून दिलं होतं, इंग्रजीत, दोन सोपी वाक्यं. त्यांनी कागद एकदा बघितला आणि बाजूला ठेवला. फोन स्पीकरवर होता.

"सर, आप हमारे पुराने कस्टमर हैं," पलीकडचा मुलगा म्हणाला. "बंद क्यों करना चाहते हैं? कोई प्रॉब्लेम?"

"प्रॉब्लेम नहीं बेटा," बाबा म्हणाले. "इसपे हमारे घर का सामानच नहीं आता. बाकी सबके घर का आता."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. हे त्याच्या यादीतल्या कुठल्या कारणात बसतं ते तो शोधत असावा. मग त्यानं वार्षिक फी माफ करतो म्हटलं, लिमिट वाढवतो म्हटलं, गिफ्ट व्हाउचर देतो म्हटलं. बाबा प्रत्येक गोष्ट नीट ऐकून घेत होते, ते कसं काम करतं हे विचारत होते आणि मग नाही म्हणत होते. मला वाटतं त्यांना मजा येत होती. आत्याला नाही म्हटल्यावर या मुलाला नाही म्हणणं त्यांना अगदीच सोपं गेलं असणार.

आता सोसायटीचे थोडे हप्ते उरले आहेत आणि रिटायरमेंट त्यानंतर आहे. मिस्त्री येऊन वरची खोली मोजून गेला. इतकी वर्षं त्या खोलीबद्दल आमच्या घरात कधी वाद झाला नव्हता, कारण ती होईल असं कोणी मनापासून धरलंच नव्हतं. आता रोज होतो. बाबांना खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी आहे, म्हणजे राहणाऱ्या पोराला कंपनीची बस वरूनच दिसेल. ती बाजू पश्चिमेची. आई म्हणते, उन्हाळ्यात तो पोरगा भाजून निघेल आणि महिन्याभरात खोली सोडून जाईल, मग बस बघत बसा तुम्हीच. काल दोघांनी मला मध्ये घेतलं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंना एकेक ठेवा.

"खिडकीले किती लागते माहीत आहे का?" दोघं एकदमच म्हणाले.